औषध सेन्सिटिव्ह, तरी पू थांबत नाही: इम्प्लांटवरच्या रेझिस्टंट जंतुसंसर्गाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवून पाच महिने झालेत. दोन महिन्यांपासून सूज आणि दुखणं आहे, आणि आता जुन्या टाक्यांच्या टोकाला छिद्र पडून पू येतोय. स्वॅबमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) वाढला, व्हॅन्कोमायसिनला सेन्सिटिव्ह, एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा) १. तीन आठवडे शिरेतून व्हॅन्कोमायसिन दिल्यावर सीआरपी (रक्तातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) उतरला, पण पू तसाच. आता डॅप्टोमायसिनवर जावं की लिनेझोलिडवर, आणि सोबत रिफॅम्पिसिन जोडावं का?

औषध बदलून इथे काही साधणार नाही. रिफॅम्पिसिन आज जोडलं तर उलट नुकसानच होईल. आधी ठरवायचं ते हे की सांधा आत ठेवायचा की काढायचा. कोणतं औषध, किती दिवस, गोळी की सलाइन, हे सगळं त्यानंतर येतं. पेसमेकर, मेंदूतल्या पाण्याचा शंट, हाडातली प्लेट, डायलिसिसचा कॅथेटर या सगळ्यांना हाच क्रम लागू आहे.

लॅबमधली एमआयसी द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंवर मोजलेली असते. इम्प्लांटवरचे जंतू तसे नसतात. धातू किंवा प्लास्टिक शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच त्यावर फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन यांसारख्या प्रथिनांचा थर बसतो. स्टॅफिलोकॉकस त्याला चिकटतो आणि भोवती बायोफिल्म, म्हणजे चिकट संरक्षक थर, तयार करतो. काही दिवसांत ती पक्की होते. तिच्या खोल भागात प्राणवायू आणि अन्न कमी असतं, म्हणून जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पेशीभित्तिका बनत असताना तिच्यावर घाव घालणाऱ्या व्हॅन्कोमायसिनला तिथे कामच उरत नाही. बायोफिल्ममधले जंतू मारायला एमआयसीच्या शंभर ते हजार पट मात्रा लागू शकते, आणि रक्तात तुम्ही व्हॅन्कोमायसिन फार तर ३०-४० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत नेता, तेही थोड्या वेळापुरतं. तुमच्या रुग्णाचा सीआरपी उतरला कारण आजूबाजूच्या मांसातले मोकळे जंतू मेले. धातूवरचे आहेत तिथेच आहेत.

याला रेझिस्टन्स म्हणायचं नाही, हा टॉलरन्स आहे. तोच जंतू धातूवरून खरवडून प्लेटवर वाढवला की पुन्हा सेन्सिटिव्ह दिसतो. म्हणूनच पक्की बायोफिल्म झालेला साधा, मेथिसिलिन सेन्सिटिव्ह स्टॅफिलोकॉकससुद्धा नुसत्या औषधाने जात नाही. परकी वस्तू किती फरक पाडते हे एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली दाखवलं होतं: त्वचेखाली पू व्हायला लाखो स्टॅफिलोकॉकस लागतात, पण रेशमी टाका असेल तर काही शे पुरतात.

मग रेझिस्टन्सचा फरक नेमका कुठे पडतो? बायोफिल्मवर खरोखर काम करणारी औषधं मोजकीच आहेत: स्टॅफिलोकॉकससाठी रिफॅम्पिसिन आणि ग्रॅम निगेटिव्ह जंतूंसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट. जंतू यांनाच रेझिस्टंट असेल तर इम्प्लांट वाचवण्याची शक्यता फार कमी होते. त्यामुळे रिपोर्टवर ‘एमआरएसए’ वाचून घाबरण्यापेक्षा रिफॅम्पिसिनसमोर काय लिहिलंय ते आधी बघा. रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह एमआरएसए हा रिफॅम्पिसिन रेझिस्टंट साध्या स्टॅफिलोकॉकसपेक्षा बरा पाहुणा.

आता तुमच्या स्वॅबबद्दल. छिद्रातून सांध्यापर्यंत वाट असेल तर संसर्ग आहे हे सिद्धच झालं, आणखी पुरावा नको. पण जंतू कोणता हे त्या छिद्रावरचा स्वॅब सांगू शकत नाही, कारण तिथे त्वचेवरचे जंतू वस्ती करतात. नमुना सांध्यातल्या द्रवाचा आणि ऑपरेशनमध्ये घेतलेल्या ऊतींचा हवा. रुग्णाला ताप, रक्तदाब उतरणं असं काही नसेल तर व्हॅन्कोमायसिन थांबवा आणि निदान दोन आठवडे जाऊ द्या. सेप्सिस असेल तर अर्थातच थांबायचं नाही. सांध्यातला द्रव सुईने काढून पेशी मोजा: बसवल्यानंतर काही महिन्यांनी आलेल्या संसर्गात प्रति मायक्रोलिटर ३,००० च्या वर पांढऱ्या पेशी किंवा त्यात ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल हे संसर्गाच्या बाजूने जातात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे आकडे लावू नका, तेव्हा पेशी तशाही वाढलेल्या असतात.

ऑपरेशनमध्ये पाच ते सहा ऊतींचे नमुने घ्या. प्रत्येक नमुन्याला वेगळा चिमटा आणि वेगळं ब्लेड घ्या, आणि ते धातू आणि हाड यांच्या मधल्या पडद्यातून घ्या. एकाच चिमट्याने सहा तुकडे काढले तर तो एकच नमुना सहा डब्यांत ठेवल्यासारखा आहे. दोन किंवा जास्त नमुन्यांत तोच जंतू वाढला तर तो खरा. कल्चर १४ दिवस ठेवायला लॅबला लेखी सांगा, नाहीतर पाचव्या दिवशी ‘नो ग्रोथ’ येईल आणि क्युटिबॅक्टेरियम हा सावकाश वाढणारा जंतू निसटेल. काढलेला इम्प्लांट टाकून देऊ नका. निर्जंतुक डब्यात द्रवात बुडवून व्हॉर्टेक्स आणि अल्ट्रासाउंडने हलवला की बायोफिल्म सुटून येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत या पद्धतीने ७८.५ टक्के संसर्ग पकडले गेले आणि ऊतींच्या कल्चरने ६०.८ टक्के. आधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांत फरक आणखी मोठा होता, ७५ विरुद्ध ४५ टक्के.

सेन्सिटिव्हिटीत रिफॅम्पिसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड आणि डॅप्टोमायसिन मागून घ्या. व्हॅन्कोमायसिन आणि कोलिस्टिन यांच्या डिस्क टेस्टवर विश्वास ठेवू नका. हे मोठे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत, एमआयसीच हवी. ग्रॅम निगेटिव्ह जंतू कार्बापेनेम रेझिस्टंट असेल तर औषध तोडणारा त्याचा एन्झाइम कोणता (केपीसी, ओएक्सए-४८ की एनडीएम) हे कळल्याशिवाय औषध निवडणं म्हणजे अंदाजपंचे.

सांधा जागेवर ठेवून आतून साफ करायचं ऑपरेशन, ज्याला सगळे डेअर म्हणतात, ते यशस्वी व्हायला अटी आहेत. लक्षणं तीन आठवड्यांपेक्षा जुनी नकोत, किंवा सांधा बसवून साधारण महिनाच झालेला हवा. इम्प्लांट हाडात घट्ट हवा, बाहेर येणारी पुवाची वाट नको, वरची त्वचा-मांस चांगलं हवं, आणि जंतू बायोफिल्मवर चालणाऱ्या औषधाला सेन्सिटिव्ह हवा. तुमच्या रुग्णाची लक्षणं दोन महिन्यांची आहेत आणि पुवाची वाट आहे. हा सांधा काढायचा.

डेअर करायचंच असेल त्या रुग्णात ते उघड्या ऑपरेशननेच करा. दुर्बिणीतून धुणं पुरेसं होत नाही, कारण मागचा भाग आणि पॉलिएथिलिनच्या चकतीची खालची बाजू दिसतच नाही. ती चकती बदला, सूजलेलं सायनोव्हियम (सांध्याचं आतलं अस्तर) कापून काढा, ६ ते ९ लिटर सलाइनने धुवा. मधे ०.३५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन तीन मिनिटं ठेवायची पद्धत बरेच सर्जन पाळतात. मग हातमोजे, चादरी, हत्यारं बदलून बंद करा.

काढायचं ठरलं की एका टप्प्यात बदल की दोन टप्प्यांत? जंतू आधीच नक्की माहीत आहे, त्यावर चांगली औषधं आहेत आणि मांस चांगलं आहे तर एकाच बैठकीत बदलता येतो. रेझिस्टंट जंतू, पुवाची वाट आणि खराब त्वचा एकत्र आली की दोन टप्पे बरे. सगळा धातू आणि सगळं सिमेंट काढायचं, पोकळीत राहिलेला सिमेंटचा एक तुकडाही बायोफिल्मला घर आहे. मधल्या काळात अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा स्पेसर बसवतात.

स्पेसरमध्ये चुका फार होतात. ४० ग्रॅम सिमेंटच्या पाकिटाला ३ ते ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन आणि सोबत ३.६ ग्रॅमच्या आसपास टोब्रामायसिन किंवा जेंटामायसिन, सगळं पावडर रूपात. इंजेक्शनचं द्रव जेंटामायसिन ओतलं तर सिमेंट नीट जमत नाही. रिफॅम्पिसिन कधीच मिसळू नका, ते पॉलिमरायझेशनच अडवतं आणि सिमेंट मऊ राहतं. आधी सिमेंटची पावडर आणि द्रव एकत्र करून मग अँटिबायोटिक घाला, बारीक दळू नका. थोडे खडे राहिले की छिद्रं पडतात आणि औषध जास्त सुटतं. याच कारणाने स्पेसरसाठी व्हॅक्यूममध्ये मिसळायची गरज नाही. हे मोठं प्रमाण फक्त स्पेसरसाठी आहे. नवा सांधा कायमचा चिकटवताना ४० ग्रॅमला २ ग्रॅमच्या वर जाऊ नका, सिमेंट कमकुवत होतं. दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, औषध पहिल्या काही दिवसांत सर्वात जास्त सुटतं, मग झरा आटतो आणि स्पेसर स्वतःच एक परकी वस्तू होतो, म्हणून तो वर्षभर ठेवायचा नसतो. दोन, मूत्रपिंडाला इजा फक्त सलाइनमधल्या औषधाने होते असं नाही. स्पेसरमधून सुटलेल्या औषधानेही होते, म्हणून पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) दर दोन-तीन दिवसांनी बघा.

औषधांच्या मात्रा खाली प्रौढ रुग्णाच्या आहेत, मूत्रपिंड चांगलं आहे असं धरून.

व्हॅन्कोमायसिन: पहिली मात्रा २० ते ३५ मिलिग्रॅम प्रति किलो, तासाला १ ग्रॅमपेक्षा वेगाने नाही. पूर्वी ट्रफ, म्हणजे पुढच्या मात्रेआधीची रक्तातली पातळी, १५-२० राखायचो. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून लक्ष्य बदललं, आता एयूसी (२४ तासांत रक्तात राहिलेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० राखायचा. एक रक्तनमुना औषध संपल्यावर एक-दोन तासांनी आणि दुसरा पुढच्या मात्रेच्या आधी घेतला की तो मोजता येतो. सोबत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चालू असेल तर क्रिएटिनिन वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं. गरज नसेल तर ते बंद करा.

डॅप्टोमायसिन दिवसातून एकदा ८ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो. आठवड्याला सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) बघायचं. स्नायू दुखत असतील आणि सीपीके १,००० च्या वर गेला, किंवा लक्षणं नसतानाही २,००० च्या वर गेला, तर थांबवायचं. नवा ताप, खोकला, धाप आली तर इओसिनोफिलिक न्यूमोनिया आठवा. आणि पुवाचा साठा तसाच ठेवून डॅप्टोमायसिन सुरू करू नका. जंतूंची संख्या प्रचंड असताना, विशेषतः आधी व्हॅन्कोमायसिन झालेलं असताना, उपचारातच रेझिस्टन्स निर्माण होतो. तुमच्या प्रश्नातल्या बदलाला माझा विरोध आहे तो याच कारणाने.

लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दोनदा. तोंडाने दिलं तरी रक्तातली पातळी शिरेतल्याइतकीच. दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट घसरू लागतात, म्हणून आठवड्याला सीबीसी. चार आठवड्यांच्या पुढे पायाला मुंग्या आणि नजर कमी होणं, आणि मुंग्या बऱ्याचदा परत जात नाहीत. रुग्ण नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या घेतो का ते विचारा. रिफॅम्पिसिनसोबत दिलं तर लिनेझोलिडची पातळी जवळपास एक तृतीयांशाने उतरते.

कोट्रायमोक्साझोलबद्दल एक बारीक पण उपयोगी गोष्ट: हे औषध जंतूची थायमिडिन बनवायची वाट बंद करतं, पण पुवात आणि मेलेल्या ऊतीत आयतं थायमिडिन पडलेलं असतं. म्हणून साफसफाईच्या आधी ते फसतं आणि नंतर चांगलं चालतं. देताना पोटॅशियम बघत राहा.

आता रिफॅम्पिसिन. एकाच जनुकात, आरपीओबीमध्ये, एक बदल झाला की पूर्ण रेझिस्टन्स येतो, आणि असे बदललेले जंतू मोठ्या संख्येत आधीपासून असतातच. त्यामुळे एकटं कधी नाही, आणि साफसफाईच्या आधी तर नाहीच. साफसफाई झाली, रक्तातले जंतू गेले, ड्रेन काढला, जखम कोरडी पडली, मगच सुरू करायचं, साधारण ३०० ते ४५० मिलिग्रॅम दोनदा, दुसऱ्या सेन्सिटिव्ह औषधासोबत. झिमरली यांच्या १९९८ च्या चाचणीत साफसफाईनंतर सिप्रोफ्लॉक्सासिन-रिफॅम्पिसिन पूर्ण घेतलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेले १२ पैकी ७. संख्या लहान आहे, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या चाचणीत रिफॅम्पिसिनचा असा फायदा दिसला नाही. तरी इम्प्लांट आत राहणार असेल तर मी ते देण्याच्याच बाजूचा आहे. सांधा काढून स्पेसर बसवला असेल तर त्याची घाई नाही. देण्याआधी रुग्णाची औषधांची यादी वाचा. वॉरफरिन, नवी रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, टॅक्रोलिमस या सगळ्यांची पातळी ते पाडतं, आणि ते बंद केल्यावर दोन आठवड्यांत वॉरफरिनचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) उसळतो. बंद करतानाचा हा धोका सुरू करतानाच्या धोक्याइतकाच मोठा आहे.

किती दिवस? २०२१ च्या दातिपो चाचणीत सांध्याच्या संसर्गासाठी ६ आठवडे विरुद्ध १२ आठवडे तपासले. संसर्ग टिकून राहिला १८.१ आणि ९.४ टक्के रुग्णांत, आणि सर्वात मोठा फरक सांधा आत ठेवलेल्यांत होता. म्हणून धातू आत असेल तर १२ आठवडे, पूर्ण काढला असेल तर बहुतेकदा सहा. शिरेतूनच द्यायला हवं असं नाही. २०१९ च्या ओविव्हा चाचणीत हाड-सांध्याच्या १,०५४ रुग्णांत पहिल्या आठवड्यानंतर गोळ्या देणं सलाइनपेक्षा मागे पडलं नाही, अपयश १३.२ आणि १४.६ टक्के. अट एकच, तोंडाने घेतलं तरी हाडात पोचेल असं सेन्सिटिव्ह औषध हवं. तोंडाने घ्यायचं बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनसारख्या औषधांचा गट) इथे सहसा कमी पडतं.

ग्रॅम निगेटिव्ह रेझिस्टंट जंतूंची गोष्ट वेगळी. सिप्रोफ्लॉक्सासिन सेन्सिटिव्ह असेल तर साफसफाईनंतर ७५० मिलिग्रॅम दोनदा, बायोफिल्मवर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ईएसबीएल (बरीच पेनिसिलिन-सेफालोस्पोरिन गटातली औषधं तोडणारा एन्झाइम) असून सिप्रोफ्लॉक्सासिन गेलेलं असेल तर मेरोपेनेम, तेही तीन तासांच्या संथ सलाइनने. केपीसी किंवा ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम २.५ ग्रॅम दर ८ तासांनी. एनडीएमवर ते एकटं निकामी आहे, कारण अव्हिबॅक्टम त्या जस्तवाल्या एन्झाइमला रोखू शकत नाही. अझ्ट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, पण अशा जंतूत बहुधा सोबत ईएसबीएल असतं आणि ते तोडतं. अव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलला थोपवतं आणि अझ्ट्रिओनाम मोकळं होतं. म्हणून दोन्ही एकाच वेळी शिरेत चालू हवीत, दोन-दोन तासांच्या अंतराने देऊन उपयोग नाही. कोलिस्टिन हाडात फारसं जात नाही आणि मूत्रपिंड मारतं, शेवटी ठेवा. अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिन, टोब्रामायसिनचा गट) पुवाच्या आम्ल, प्राणवायू नसलेल्या वातावरणात मंदावतात. सिमेंटमध्ये घालायला चांगली, शिरेतून सांध्यासाठी सुमार.

बाकी उपकरणांबद्दल पटकन. पेसमेकरच्या कप्प्यात संसर्ग म्हणजे डबी आणि सगळ्या लीड, पूर्ण संच बाहेर. नुसती डबी बदलून कप्पा धुतला तर संसर्ग उलटून येतोच. कप्प्यात सुई घालून द्रव काढू नका, जंतू नसेल तर तुम्ही नेऊन ठेवाल. औषधाआधी रक्ताची कल्चर, मग अन्ननलिकेतून इको. एक वर्षापेक्षा जुनी लीड शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते, ती हृदयशस्त्रक्रियेची तयारी असलेल्या ठिकाणीच काढायची. काढल्यावर कप्प्यापुरत्या संसर्गाला १० ते १४ दिवस, झडपेवर गाठी असतील तर चार ते सहा आठवडे. नवा संच दुसऱ्या बाजूला, रक्त निदान ७२ तास जंतूमुक्त राहिल्यावर. आणि तो अजून लागतो का हे आधी तपासा, बऱ्याच जणांना लागत नाही.

रक्तवाहिनीतल्या कॅथेटरवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्युडोमोनास किंवा कँडिडा आला तर कॅथेटर काढायचा. कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस असेल आणि दुसरी शीर उरलीच नसेल तर व्हॅन्कोमायसिन ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं लॉक आणि सोबत शिरेतून औषध, असा प्रयत्न करता येतो. ऑरियसमध्ये उपचाराचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजा.

मेंदूतला शंट काढून बाहेरचा ड्रेन ठेवतात. रेझिस्टंट जंतूंत शिरेतलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही, म्हणून परिरक्षक नसलेलं व्हॅन्कोमायसिन ५ ते २० मिलिग्रॅम थेट पोकळीत देतात आणि ड्रेन १५ ते ६० मिनिटं बंद ठेवतात. तो पुन्हा उघडायला विसरणं जीवघेणं आहे, घड्याळाची वेळ चार्टवर लिहा.

मोडलेल्या हाडातल्या प्लेटचं गणित उलट चालतं. हाड जुळायला स्थैर्य लागतं आणि हलणारं हाड संसर्ग वाढवतं, म्हणून प्लेट घट्ट असेल तर साफ करून ती ठेवा, औषधाने संसर्ग दाबून धरा, आणि हाड जुळलं की प्लेट काढा. सैल असेल तर आत्ताच बदला.

बॅक्टेरियोफाज (जंतूंना मारणारे विषाणू) उपचाराबद्दल विचारणारे बरेच असतात. काही सांध्यांत आणि महाधमनीच्या कृत्रिम नळीवर तो वापरून रुग्ण बरे झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या बहुतेक एकेका रुग्णाच्या, सोबत अँटिबायोटिक आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच्या. फाज त्याच रुग्णाच्या जंतूशी जुळवून घ्यावा लागतो, आणि शिरेतून दिला तर काही आठवड्यांत शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवू शकतं. शस्त्रक्रिया लांबवायचं कारण म्हणून तो वापरू नका.

रुग्ण ऑपरेशनला तयारच नसेल किंवा झेपणार नसेल तर दाबून ठेवायचे उपचार उरतात: डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा किंवा कोट्रायमोक्साझोल, वर्षानुवर्षं. लिनेझोलिड आणि रिफॅम्पिसिन या कामाला नाहीत. त्यातही आधी एकदा साफसफाई झाली असेल तरच हे टिकतं. सांधा घट्ट आहे, दुखत नाही, ताप नाही, फक्त छिद्रातून रोज थोडा पू येतो, अशा वयस्क रुग्णाला काहीच अँटिबायोटिक न देता रोजचं ड्रेसिंग हाही रास्त पर्याय आहे. ते छिद्र टाके घालून बंद करायचं नाही. पू बाहेर पडायची वाट तीच आहे, ती बुजली की तो मांडीत साठतो आणि रुग्ण सेप्सिस घेऊन येतो.